मूल होत नाहीये? आधी पुरुषाची तपासणी : नवख्यांसाठी पायरीपायरीने

वीर्यतपासणीच्या प्रयोगशाळेत बसून एक दृश्य इतक्या वेळा पाहिलंय, की आता त्याचं आश्चर्यही वाटत नाही. नमुना द्यायला नवरा येतो, सोबत बायको असते आणि तिच्या हातात जाडजूड फाइल. चार-पाच सोनोग्राफ्या, हॉर्मोन्सचे रिपोर्ट, गर्भनलिकांचा एक्स-रे, कधी दुर्बिणीतून केलेली शस्त्रक्रियासुद्धा. नवऱ्याची मात्र ही पहिलीच तपासणी. सुई नाही, भूल नाही, टाका नाही, निकाल त्याच दिवशी, आणि तरी ती सगळ्यांत शेवटी.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचं काही ना काही कारण सापडतं. कधी ते एकटंच असतं, कधी स्त्रीच्या बाजूच्या कारणाच्या जोडीला. त्यामुळे हा क्रम बदलावा, दोघांची तपासणी एकाच वेळी सुरू व्हावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांना यातलं काहीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. हे वाचून स्वतःवर उपचार करायचे नाहीत, पण डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं आणि हातातला कागद कसा वाचायचा, एवढं जमायला हवं.

आधी एक गैरसमज काढून टाकू

वंध्यत्व वेगळं आणि नपुंसकत्व वेगळं. लैंगिक संबंधात काहीही अडचण नसलेल्या पुरुषाच्या वीर्यात एकही शुक्राणू नसू शकतो, आणि ते त्याला डोळ्यांनी कळणारही नाही. कारण वीर्याचा बहुतांश भाग वीर्यकोश आणि प्रोस्टेट ग्रंथीतून येणाऱ्या द्रवाचा असतो. वृषणातून येणाऱ्या शुक्राणूंचा वाटा त्यात अगदी थोडा. नसबंदीनंतरही वीर्य पूर्वीसारखंच दिसतं ते याचमुळे. तेव्हा 'मला काही त्रास नाही, मग तपासणी कशाला?' या प्रश्नाला अर्थ नाही. वीर्य घट्ट दिसतं की पातळ, यावरूनही काही ठरत नाही.

पायरी १ : डॉक्टरांकडे कधी जायचं?

कोणतंही गर्भनिरोधक न वापरता, नियमित संबंध ठेवून एक वर्ष झालं आणि गर्भ राहिला नाही, तर दोघांनीही जायचं. स्त्रीचं वय ३५ किंवा त्याहून जास्त असेल तर सहा महिनेच थांबायचं.

काही जणांनी मात्र वाट पाहूच नये. लहानपणी वृषण खाली उतरलं नव्हतं म्हणून शस्त्रक्रिया झालेली, वृषणाला पीळ पडलेला, वयात आल्यावर गालगुंड होऊन वृषण सुजलेलं, कॅन्सरसाठी केमोथेरपी किंवा रेडिएशन घेतलेलं, जांघेत हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, व्यायामशाळेत कुणाच्या सांगण्यावरून इंजेक्शनं घेतलेली. यातलं काहीही असेल तर प्रयत्न सुरू करतानाच एक वीर्यतपासणी करून घ्यावी.

'नियमित' म्हणजे काय, हेही सांगून टाकतो. दर दोन-तीन दिवसांनी संबंध, इतकं पुरे. गर्भधारणेची शक्यता स्त्रीबीज बाहेर पडण्याच्या दिवशी आणि त्याआधीच्या पाच दिवसांत असते, कारण शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. म्हणजे एकच एक 'तो दिवस' पकडायची धावपळ नको. शुक्राणू 'साठवून' ठेवण्यासाठी पंधरा-पंधरा दिवस संबंध टाळणारी जोडपी भेटतात. त्याने संख्या थोडी वाढते, पण साठलेले शुक्राणू शिळे होतात, त्यांची हालचाल मंदावते आणि महिना हातचा जातो. आणखी एक साधी गोष्ट : बाजारात मिळणारी बरीचशी वंगणं शुक्राणूंची हालचाल मंद करतात, लाळही करते. वंगण लागतच असेल तर गर्भधारणेसाठी सुरक्षित असं लिहिलेलं घ्या.

पायरी २ : स्वतःचा एक पानभर इतिहास लिहा

हे घरी बसून करायचं काम. डॉक्टरांसमोर बसल्यावर निम्म्या गोष्टी आठवत नाहीत, उरलेल्या निम्म्या लाजेने राहून जातात.

लिहायला बसण्याआधी एक आकडा लक्षात ठेवा : ७४ दिवस. वृषणात एक शुक्राणू तयार व्हायला साधारण इतका वेळ लागतो, आणि त्यानंतर वृषणाच्या मागे गुंडाळलेल्या लांब नळीतून प्रवास करत, पोहायला शिकत बाहेर यायला आणखी दीड-दोन आठवडे. म्हणजे आज तपासलेला नमुना तुमच्या आजच्या तब्येतीबद्दल फारसं सांगत नाही. तो तीन महिन्यांपूर्वीची हकीकत सांगतो. दोन महिन्यांपूर्वी कडक ताप येऊन गेला असेल तर आजचा रिपोर्ट वाईट येऊ शकतो आणि पुढे काहीही न करता सुधारतोही.

म्हणून मागच्या तीन-चार महिन्यांतला ताप, आजारपण, शस्त्रक्रिया तारखेसह लिहा. मग जुने आजार : मधुमेह, क्षयरोग, लघवीचे किंवा लैंगिक संबंधातून झालेले संसर्ग. मग कामाचं स्वरूप. भट्टीजवळ उभं राहणं, कीटकनाशकांची फवारणी, शिशासारख्या धातूंशी संबंध, तासन्‌तास गाडी चालवणं. वृषणं शरीराबाहेर पिशवीत टांगलेली असतात ती उगाच नाही. त्यांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं. रोज वाफेत बसणं, गरम पाण्याच्या टबात डुंबणं, मांडीवर तापलेला लॅपटॉप, हे सगळं त्याच्या विरुद्ध जातं. सिगारेट, दारू, गांजा, वजन. खरं खरं लिहा.

मग औषधं, आणि इथे जरा थांबायला हवं.

टक्कल पडू नये म्हणून घेतलेलं फिनास्टेराइड, आतड्याच्या सुजेसाठीचं सल्फासॅलझीन, प्रोस्टेटसाठीचं टॅम्सुलोसिन, नैराश्यावरच्या काही गोळ्या यांचा वीर्यावर किंवा स्खलनावर परिणाम होऊ शकतो. परस्पर काही बंद करू नका. डॉक्टरांना नावं दाखवा, बहुतेकांना पर्याय असतो. पण सगळ्यांत जास्त घात करणारं औषध म्हणजे टेस्टोस्टेरॉन. नाव 'पुरुषी' हॉर्मोन, म्हणून घेतल्याने ताकद वाढेल, मूलही होईल, असा समज. प्रत्यक्षात उलटं होतं. वृषणाला काम करायचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी देते, एलएच आणि एफएसएच या दोन हॉर्मोन्सच्या रूपाने. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटतं, माल भरपूर आहे, कारखाना बंद ठेवा. हुकूम थांबतो. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन चढलेलं दिसतं, पण शुक्राणू बनायला वृषणाच्या आत त्याच्या कित्येक पट जास्त पातळी लागते, ती कोसळते. दंड फुगलेले, छाती भरलेली आणि नमुन्यात शुक्राणू शून्य, असे तरुण मी पाहिलेत. इंजेक्शनं थांबवल्यावर बहुतेकांचं उत्पादन परत सुरू होतं, पण त्याला काही महिने ते कधी दोन वर्षंही लागतात. व्यायामशाळेतल्या 'सप्लिमेंट'च्या डब्यात नेमकं काय आहे हे ठाऊक नसेल तर डबाच घेऊन जा.

पायरी ३ : नमुना नीट द्या

इथे झालेल्या चुका नंतर कितीही महागडी यंत्रं वापरून दुरुस्त होत नाहीत.

तपासणीआधी कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस स्खलन झालेलं नको. प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक डबीतच, हस्तमैथुन करून नमुना द्यायचा. साबण, तेल, लाळ काही वापरायचं नाही. साध्या कंडोममधून नमुना आणायचा नाही, कारण त्यावर शुक्राणूंना मारक पदार्थ असू शकतात. हस्तमैथुन जमत नसेल तर खास तपासणीसाठीचे कंडोम मिळतात, त्यांची विचारणा करा. नमुना शक्यतो प्रयोगशाळेतल्या खोलीतच द्यावा. घरून आणायचाच तर अर्ध्या तासात, फार तर तासाभरात पोचला पाहिजे. डबी शर्टाच्या आत, अंगाला लागून ठेवायची. बर्फात किंवा गाडीच्या तापलेल्या डॅशबोर्डवर नाही.

आणि सांडलं तर सांगा. हे वाक्य मी रोज म्हणतो. स्खलनाच्या पहिल्या थेंबांतच सर्वांत जास्त शुक्राणू असतात. नेमका तोच भाग गडबडीत डबीबाहेर जातो, आणि माणूस संकोचाने गप्प बसतो. एकदा एकाचे दोन रिपोर्ट आमच्याकडे ओळीने वाईट आले. तिसऱ्या वेळी डबी हातात देताना तो खाली बघत पुटपुटला, 'या वेळी सगळं आत पडलंय.' त्या नमुन्यात संख्या ठणठणीत होती. आधीच्या दोन रिपोर्टांच्या जोरावर त्याने सहा महिने गोळ्या खाल्ल्या होत्या.

अनोळखी खोलीत, बाहेर माणसं बसलेली असताना नमुना देता न येणं हे अगदी नेहमीचं आहे. खिडकीवर सांगा, वेळ मागा, दुसऱ्या दिवशी या. आम्हाला त्यात नवल वाटत नाही.

पायरी ४ : रिपोर्ट वाचायला शिका

नमुना आल्यावर आधी तो पातळ होण्याची वाट पाहतात. ताजं वीर्य जेलीसारखं असतं, अर्ध्या तासात, फार तर तासात ते सुटं होतं. मग एक थेंब आखीव चौकटींच्या काचेवर, सूक्ष्मदर्शकाखाली. वर्गात हजेरी घ्यावी तसे चौकटीचौकटीतले शुक्राणू मोजायचे. काही बाणासारखे सरळ जाताना दिसतात, काही जागच्या जागी गोल फिरतात, काहींची नुसती शेपटी वळवळते, काही निपचित.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीतल्या खालच्या मर्यादा अशा : वीर्याचं प्रमाण १.४ मिलिलिटर, दर मिलिलिटरला १.६ कोटी शुक्राणू, एका स्खलनात एकूण ३.९ कोटी, हालचाल करणारे एकूण ४२ टक्के, एकूणातले पुढे सरकणारे ३० टक्के, जिवंत ५४ टक्के आणि योग्य आकाराचे ४ टक्के. तुमच्या रिपोर्टवर १.५ मिलिलिटर, १.५ कोटी असे आकडे छापलेले असतील तर ती प्रयोगशाळा २०१० ची आवृत्ती वापरते आहे. फार फरक पडत नाही.

पण या मर्यादा आल्या कुठून, हे समजून घेतल्याशिवाय रिपोर्ट वाचूच नये. ज्यांच्या बायकांना एका वर्षाच्या आत दिवस राहिले अशा पुरुषांचे नमुने घेतले, आकडे चढत्या क्रमाने लावले आणि तळातले पाच टक्के जिथे संपतात तिथे रेघ मारली. म्हणजे रेघेखाली असलेल्या काही पुरुषांनाही मुलं झालेली आहेत. उलट, रेघेवर असलेल्याला मूल होईलच अशी हमी नाही. ही पास-नापासाची रेघ नव्हे. शून्य शुक्राणू हा एक निकाल सोडला तर वीर्यतपासणी शक्यता सांगते, निवाडा देत नाही.

'योग्य आकाराचे फक्त ४ टक्के' वाचून लोकांचे चेहरे पडतात. म्हणजे ९६ टक्के बिघडलेले? मोजण्याचा निकषच इतका कडक आहे की डोकं जरा लांबट, मान जराशी जाड दिसली तरी तो शुक्राणू बाद. एकटा हा आकडा कमी असेल आणि बाकी सगळं ठीक असेल तर झोप उडवून घेऊ नका.

मी स्वतः रिपोर्ट हातात घेतला की आधी एक गुणाकार करतो : प्रमाण गुणिले संख्या गुणिले पुढे सरकणाऱ्यांची टक्केवारी. २ मिलिलिटर, दर मिलिलिटरला २ कोटी, ४० टक्के पुढे सरकणारे, म्हणजे १.६ कोटी कामाचे शुक्राणू. पुढे कोणता उपचार करायचा हे ठरवताना डॉक्टरही बहुधा याच आकड्याकडे बघतात.

रिपोर्टवरचे शब्द घाबरवणारे असतात, अर्थ साधे. ऑलिगो म्हणजे संख्या कमी, अस्थेनो म्हणजे हालचाल कमी, टेराटो म्हणजे आकार बिघडलेले. तिन्ही एकत्र आले की लांबलचक आगगाडी तयार होते. ॲझूस्पर्मिया म्हणजे एकही शुक्राणू नाही. असा शेरा मारण्याआधी नमुना यंत्रात जोरात फिरवून तळाला बसलेला साका तपासायला हवा. तो तपासला का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. कारण 'शून्य' आणि 'साक्यात चार-पाच' यांत पुढच्या उपचारांच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एका रिपोर्टवर काहीही ठरवू नका. त्याच माणसाचे आकडे दोन आठवड्यांत दुप्पट किंवा निम्मे होऊ शकतात. पहिला बिघडलेला आला तर दुसरा काही आठवड्यांनी करा. मधे ताप वगैरे येऊन गेला असेल तर तीन महिन्यांनी.

पायरी ५ : पुरुषाला डॉक्टरांनी हात लावून तपासलं पाहिजे

रिपोर्ट बिघडलेला असूनही नुसता कागद बघून गोळ्या लिहून मिळाल्या असतील, तर तपासणी अर्धीच झालीय. युरोलॉजिस्टकडे जा, त्यातही पुरुष वंध्यत्वाचं काम करणाऱ्याकडे, म्हणजे ॲन्ड्रॉलॉजिस्टकडे.

ते काय बघतात? वृषणांचा आकार. त्यासाठी लहान-मोठ्या अंडाकृती मण्यांची माळ असते, तिच्याशी ताडून बघतात. साधारण १५ मिलिलिटर किंवा जास्त असेल तर ठीक. छोटं आणि मऊ वृषण म्हणजे आतलं उत्पादन कमी. एखादी कडक गाठ लागते का, हेही पाहतात, कारण वंध्यत्वाच्या तपासणीत वृषणाचा कॅन्सर सापडल्याची उदाहरणं आहेत. दोन्ही बाजूंच्या शुक्रवाहिन्या बोटांना लागतात का ते बघतात; काहींच्या त्या जन्मतःच नसतात. मग उभं करून, श्वास रोखून जोर लावायला सांगतात. अंडकोशात, बहुधा डाव्या बाजूला, फुगलेल्या शिरांचा गुंता हाताला लागला तर तो व्हॅरिकोसील.

संख्या बरीच कमी असेल तर रक्ताच्या तपासण्या. टेस्टोस्टेरॉन सकाळीच तपासायचं, कारण ते सकाळी सर्वांत जास्त असतं. एफएसएच वाढलेलं आणि वृषण लहान, म्हणजे मेंदू ओरडून हुकूम देतोय पण कारखान्यालाच जमत नाहीये. एफएसएच, एलएच आणि टेस्टोस्टेरॉन तिन्ही खाली, म्हणजे हुकूमच येत नाहीये. तिन्ही व्यवस्थित, वृषण भरलेलं आणि तरीही शुक्राणू शून्य, म्हणजे माल तयार होतोय, रस्ता बंद आहे. या तीन चित्रांपैकी तुमचं कोणतं, यावर पुढचं सगळं ठरतं.

शुक्राणू अत्यंत कमी किंवा शून्य असतील तर जनुकीय तपासणी. गुणसूत्रांच्या तपासणीत ४७, एक्सएक्सवाय, म्हणजे एक एक्स गुणसूत्र जास्त असण्याचा क्लाइनफेल्टर हा दोष, सापडू शकतो; त्या पुरुषाला तोवर त्याची कल्पनाही नसते. वाय गुणसूत्राचे छोटे तुकडे गळालेले असू शकतात. या भागांना ए, बी, सी अशी नावं आहेत. त्यांतले ए किंवा बी भाग पूर्ण गेले असतील तर वृषणातून शुक्राणू शोधण्याची शस्त्रक्रिया करून उपयोग होत नाही, हे आधीच कळतं आणि एक निष्फळ ऑपरेशन वाचतं. सी भाग गेला असेल तर शुक्राणू मिळू शकतात, पण होणाऱ्या मुलग्यातही तो दोष उतरतो. शुक्रवाहिन्या जन्मतःच नसतील तर सीएफटीआर या जनुकाची तपासणी करतात, बायकोचीसुद्धा, कारण दोघांकडून दोष आला तर बाळाला सिस्टिक फायब्रोसिस हा गंभीर आजार होऊ शकतो.

वीर्य अगदी थोडं येत असेल, विशेषतः मधुमेह असेल तर, स्खलनानंतरची लघवी तपासायला सांगतात. वीर्य बाहेर येण्याऐवजी मागे मूत्राशयात जात असतं. साधी तपासणी, पण तिची आठवण कमी जणांना होते.

शुक्राणूंच्या डीएनएच्या तुकड्यांची तपासणी हल्ली सर्रास लिहून देतात. वारंवार गर्भपात होत असतील तर तिला अर्थ आहे. पहिल्याच भेटीत सगळ्यांना ती नको.

पायरी ६ : कारणानुसार उपचार

व्हॅरिकोसील सुमारे १५ टक्के पुरुषांना असतं आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना मुलंही झालेली असतात. मूल होण्यात अडचण असलेल्या पुरुषांत हेच प्रमाण ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत जातं. म्हणून ते हाताला लागत असेल, वीर्याचा रिपोर्ट बिघडलेला असेल आणि बायकोच्या बाजूने थांबायला वेळ असेल, तर शस्त्रक्रिया करावी. सूक्ष्मदर्शकाखाली केलेली सर्वांत चांगली. त्यात धमनी आणि लसवाहिन्या वाचवून फक्त फुगलेल्या शिरा बांधतात. सुधारणा दिसायला तीन ते सहा महिने लागतात. का, ते आता तुम्हाला माहीत आहे. फक्त सोनोग्राफीत दिसणारं, हाताला न लागणारं व्हॅरिकोसील कापायला कुणी सांगितलं तर दुसरं मत घ्या.

हुकूमच येत नसेल तर, म्हणजे पिट्युटरीचं काम कमी असेल तर, तो हुकूम इंजेक्शनांतून देता येतो : आधी एचसीजी, म्हणजे एलएचसारखंच काम करणारं हॉर्मोन, मग एफएसएच. पुरुष वंध्यत्वातला हा सर्वांत समाधान देणारा उपचार. सहा महिने ते दोन वर्षं लागतात, पण शून्यावरून शुक्राणू येतात, आणि अशा पुरुषांच्या बायकांना फार कमी संख्येवरही दिवस राहिलेले आहेत. यांच्यातल्या काहींना जन्मापासून वास येत नसतो. हे कुणी विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत.

रस्ता बंद असेल तर तो जोडता येतो का ते बघतात. नसबंदी उलटवणं हे त्यातलंच. जितकी वर्षं जास्त, तितकी यशाची शक्यता कमी. मागे जाणारं वीर्य कधी गोळ्यांनी पुढे वळतं, नाहीतर लघवीतून शुक्राणू वेगळे काढतात. संसर्ग असेल तर प्रतिजैविकं. पण रिपोर्टवर नुसते 'गोल पेशी' लिहिलंय म्हणून नाही, त्या पूपेशी आहेत की अपरिपक्व शुक्राणू, हे आधी ठरवून.

आता उरले ते, ज्यांचं कारणच सापडत नाही. ते बरेच असतात, आणि औषधांच्या बाजाराचा डोळा त्यांच्यावरच असतो. जस्त, फॉलिक ॲसिड, कोएन्झाइम, नाना तऱ्हेची पाकिटं. जस्त आणि फॉलिक ॲसिडची परीक्षा अमेरिकेत २३७० जोडप्यांवर झाली आणि २०२० मध्ये निकाल आला : ना वीर्य सुधारलं, ना जन्मलेल्या बाळांची संख्या वाढली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका चाचणीत अँटिऑक्सिडंटच्या मिश्रणाचाही उपयोग दिसला नाही. पिट्युटरीला जास्त हुकूम द्यायला लावणाऱ्या क्लोमिफीनसारख्या गोळ्यांनी निवडक जणांना, विशेषतः टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्यांना, फायदा होतो, सरसकट नाही. त्यापेक्षा सिगारेट सोडणं, दारू कमी करणं, पोट उतरवणं, झोप, आणि वृषणांना उष्णतेपासून दूर ठेवणं, हे तीन महिने नेटाने करून पुन्हा तपासावं. पाकीट घ्यायचंच असेल तर घ्या, पण त्याच्या भरवशावर वर्ष घालवू नका. बायकोचं वय वाढत असतं, आणि त्याला कोणतीही गोळी नाही.

पायरी ७ : प्रयोगशाळेची मदत

आययूआयमध्ये वीर्य धुऊन, चपळ शुक्राणू वेगळे करून, स्त्रीबीज बाहेर पडण्याच्या सुमारास थेट गर्भाशयात सोडतात. धुतल्यानंतर निदान ५० लाख चपळ शुक्राणू हाती असतील आणि गर्भनलिका खुल्या असतील तर करून बघण्यासारखं. तीन-चार वेळा करूनही जमलं नाही तर तेच ते करत राहू नये.

आयव्हीएफमध्ये बीजं बाहेर काढून बशीत शुक्राणूंसोबत ठेवतात. असं पहिलं बाळ १९७८ मध्ये जन्मलं. पण ज्यांचे शुक्राणू बीजाचं कवच भेदू शकत नाहीत, त्यांच्यासाठी खरा दरवाजा उघडला तो १९९२ मध्ये, ब्रसेल्समधल्या डॉक्टरांनी इक्सीने पहिल्या गर्भधारणा जाहीर केल्या तेव्हा. इक्सी म्हणजे एका बीजात एकच शुक्राणू सुईने सोडणं. शुक्राणूची शेपटी आधी काचेच्या सुईने दाबून त्याला स्थिर करतात, मग तो शेपटीकडून सुईत ओढून घेतात. कोट्यवधींची गरज संपली; जितकी बीजं, तितके शुक्राणू पुरे.

नमुन्यात शून्य असलेल्यांनाही त्यामुळे वाट मिळाली. रस्ता बंद असलेल्यांच्यात वृषणामागच्या नळीतून किंवा वृषणातून सुईने शुक्राणू मिळतात, जवळजवळ नेहमीच. उत्पादनच कमी असलेल्यांसाठी मायक्रो-टीसे : वृषण उघडून, सूक्ष्मदर्शकाखाली आतल्या बारीक नलिका बघत जायच्या. रिकाम्या नलिका बारीक, फिक्या, चपट्या. एखादी जरा फुगीर, पांढरट दिसली की तीच उचलायची. शेजारी आमच्यासारखं कुणीतरी तो तुकडा चिरून तासन्‌तास शोधत बसतं. साधारण निम्म्या जणांत काहीतरी सापडतं. उरलेल्या निम्म्यांशी शस्त्रक्रियेआधीच बोलणं झालेलं असावं : दात्याचे शुक्राणू चालतील का, दत्तक घ्यायचं का, की थांबायचं. हे ऑपरेशनच्या खाटेवर ठरवायचं काम नाही.

सापडलेले शुक्राणू द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर वर्षानुवर्षं ठेवता येतात. केमोथेरपी सुरू होणार असेल तर पहिला डोस घेण्याआधी नमुना गोठवून ठेवा. अविवाहित असाल तरी. ही सूचना घाईगडबडीत राहून जाते, आणि नंतर तिचा उपयोग नसतो.

आता फाइलच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. त्यावर प्रत्येक नमुन्याची तारीख, किती दिवसांचं अंतर होतं, काही सांडलं का, मागच्या तीन महिन्यांत ताप आला का, कोणतं औषध कधी सुरू आणि कधी बंद. उपचार सुरू केल्याच्या तारखेत तीन महिने मिळवा आणि पुढच्या नमुन्याचा दिवस आत्ताच लिहून ठेवा. त्याच्या आधी प्रयोगशाळेत आलात तर आम्ही मोजून देऊ, पण ते शुक्राणू उपचारापूर्वीचेच असतील.